माती आणि सेंटर फॉरवर्ड

आमच्या कॉलेजात फुटबॉल ज्यांच्या ताब्यात होता, त्या सरांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. मैदानावर उभे असताना चेंडू घरंगळत त्यांच्याकडे आला, तर पालखीला वाट द्यावी तसे ते अदबीने बाजूला सरकत आणि चेंडू पुढे निघून जाई. त्यांचा विषय राज्यशास्त्र. क्रीडा शिक्षकाची जागा मंजूर होईपर्यंत कुणीतरी संघ सांभाळावा, असं प्राचार्य एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले. बाकीचे सगळे लगेच खिडकीबाहेर बघू लागले आणि सर तेवढे बेसावधपणे समोर बघत राहिले. ती जागा सर निवृत्त होईपर्यंत मंजूर झाली नाही.

मी तेव्हा नुकताच अर्थशास्त्र शिकवायला लागलो होतो. घर डिचोलीतच, आणि माझ्याकडे स्कूटर होती. फुटबॉल संघाला स्कूटरवाला माणूस लागतो, हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं आणि मागच्या सीटवर बसले. पुढची काही वर्षं ते तिथून उतरलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

खेळ त्यांना राज्यघटनेच्या वाटेने समजला होता. सामन्याआधी पोरांना गोल करून बसवायचे आणि सांगायचे, "गोली म्हळ्यार राज्यपाल. काय घडलें तरी गप उबो रावपाचो. पूण तो नासलो तर सरकारच ना!" मधल्या फळीला ते सचिवालय म्हणत, कारण सगळं तिथूनच जातं आणि तिथेच अडतं. पोरं माना डोलवत आणि मैदानात जाऊन आपल्याला हवं तसं खेळत. अधूनमधून जिंकतही.

सरांच्या जिवाला घोर एकच होता. पोरं टिकत नसत. आमच्याच आवारातल्या उच्च माध्यमिकात बारावीपर्यंत बरा खेळलेला मुलगा पदवीला म्हापशाच्या कॉलेजात दिसायचा. म्हापशाचा पणजीला जायचा, पणजीचा मडगावला, आणि मडगावचा एखादा थेट कलकत्त्याला. आमच्याकडे बाहेरून कुणी येत नसे. मैदानाच्या कडेने दिवसभर खाणीचे ट्रक धक्क्याकडे जायचे, तिथून बार्जींतून बंदराला. त्यांच्याकडे बोट दाखवून सर म्हणायचे, "दिचोलेंतल्यान दोनच वस्तू भायर वतात. माती आनी सेंटर फॉरवर्ड." खनिजाला आमच्याकडे मातीच म्हणतात. पण सरांच्या तोंडून ऐकताना ती माती फुकट गेल्यासारखी वाटायची.

त्यांच्या लेखी म्हापशाच्या वाटेवरच्या अस्नोड्याच्या पुलापलीकडे परदेश सुरू व्हायचा. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. सरांनी पेढा तोंडात टाकला, शांतपणे संपवला आणि विचारलं, "राज्य जालें तें बरें जालें. पूण सीमा खंय घाली? अस्नोड्याच्या पुलार घालपाक जाय आशिल्ली." सर स्वतः पेडण्याचे. नोकरीसाठी घर सोडून आमच्याकडे येऊन राहिलेले. तुम्हीसुद्धा तुमच्या गावातून बाहेर गेलेला सेंटर फॉरवर्डच की, असं कुणी चिडवलं तर म्हणायचे, "पेडणें आनी दिचोल एकच. मदीं न्हंय आसा, ती देवान चुकून घाल्या." न्हंय म्हणजे नदी.

मराठी की कोकणी, हा वाद तेव्हा जोरात होता. आमच्या स्टाफरूमची दोन टेबलं झाली होती. मराठीच्या टेबलावरचे लोक मराठीची बाजू तावातावाने कोकणीतून मांडत. कोकणीच्या टेबलावरचे एक गृहस्थ आपली निवेदनं आधी मराठीत लिहून काढत आणि मग त्यांची कोकणी करत. सर डबा घेऊन बरोबर मध्ये बसत, कारण तळलेला बांगडा दोन्हीकडून पुढे यायचा. एकदा वाद हातघाईवर आला, तेव्हा ते बांगड्याचा काटा बाजूला काढून म्हणाले, "इतले दीस वाद चलता, ह्यांतल्यान एक तरी लेफ्ट बॅक मेळ्ळो?" दोन्ही टेबलं त्यांच्यावर सारखीच रागावली.

पोरगा का जातो, यावर सरांचा दरवर्षी नवा सिद्धांत असे. एक वर्ष ट्रॅकसूटचा होता. म्हापशाचं कॉलेज निळा ट्रॅकसूट देतं म्हणून पोरं जातात. पुढचं वर्ष ऑम्लेटचं. तिथे सरावानंतर ऑम्लेट आणि गरम उंडे-पाव मिळतात, आमच्याकडे भिजवलेले चणे. सरांनी ऑम्लेटसाठी प्राचार्यांकडे अर्ज केला. अर्ज व्यवस्थापन समितीत गेला, तिथे शाकाहारी मंडळींची सरशी झाली आणि पोरांना चण्यांबरोबर एकेक केळं मिळू लागलं. त्या वर्षी सगळा बचाव म्हापशाला गेला.

मग बुटांची युक्ती आली. प्रवेश घेणाऱ्या खेळाडूला सर डावा बूट देत. उजवा त्यांच्या कपाटात, मोसम संपल्यावर मिळायचा. सरावासाठी उजवा रोज संध्याकाळी काढून द्यायचा आणि रोज परत घ्यायचा. एका बुटाने कोण पळून जाणार, असा त्यामागचा विचार. दोघे गेले. एक डावा बूट घेऊन गेला, दुसऱ्याने तो आमच्या फाटकाला नाडीने बांधून ठेवला. सरांनी फाटकावरचा बूट सोडवला, पुसला आणि मला म्हणाले, "पोर प्रामाणिक. वचूंक नाका आशिल्लो."

शेवटी सगळे सिद्धांत मोडीत काढून ते एकावर स्थिरावले. पोराला आई थांबवते. म्हणजे आईला जिंकलं की पोराला जिंकलं. तेव्हापासून बारावीचा निकाल जवळ आला की आमची स्कूटर खेळाडूंच्या घरी जेवायला फिरू लागली. सर स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडून बसत, माशांच्या हुमणाला दाद देत, सोलकढी दोनदा मागून घेत आणि जाताजाता सांगत, "वहिनी, म्हापशाच्या मेसींत असलें नुस्तें मेळना. चेड्याच्या पोटाचे हाल जातले." माझं वजन त्या दिवसांत वाढलं ते अजून उतरलेलं नाही.

आणि मग शिवा आला.

शिवाचे वडील कोल्हापूरकडचे. खाणीवर ट्रक चालवायचे. आई कॉलेजच्या गावातच भाड्याच्या खोलीत ट्रकवाल्यांसाठी खानावळ चालवायची. शिवाचा जन्म त्याच खोलीतला. फुटबॉल मात्र त्याच्या रक्तात आजोळहून आला असावा, कारण कोल्हापुरात पेठापेठांतून या खेळाचं वेड किती आहे हे सांगायला नको. पोरगा चेंडू घेऊन निघाला की समोरचे लोक आपसूक वाट देत, फक्त सरांसारखे अदबीने नव्हे, धडपडत. बारावीत असतानाच म्हापशाच्या कॉलेजाचा माणूस त्याला दोनदा भेटून गेला होता. त्याचा मामा त्याला कोल्हापूरला बोलावत होता. शिवाचा ओढा म्हापशाकडे होता आणि त्याने तो लपवलाही नव्हता.

सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. एकदा तरी म्हापशाला हरवून जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती शिवाशिवाय पुरी होणं शक्य नव्हतं. स्कूटरवर मागून मला सांगत होते, "बाबा, हो एक पोर गेलो, तर माजें सगळें शिकयिल्लें फुकट." आवाजात काहीतरी होतं. मी स्कूटर हळू केली.

खानावळीत आम्ही जेवायला बसलो. माशांच्या आमटीवर पोसलेल्या आमच्या सरांच्या पुढ्यात तांबडा रस्सा आला. पहिल्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम आला, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला ते बोलायचे थांबले. शिवाची आई काळजीने म्हणाली, "अवो सर, तिखाट लागलं व्हय? ताक देऊ का?"

"ना, ना," सर म्हणाले, "बरें जालां," आणि तांब्या तोंडाला लावला. तो रिकामा झाल्यावर त्यांनी माझाही घेतला.

मग त्यांनी मुद्दा मांडला. शिवा इथेच शिकला पाहिजे, घरचं जेवण, आईची नजर वगैरे. ती ऐकत भाकऱ्या थापत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बघू की."

त्या 'बघू की'चा अर्थ आम्ही दोघांनीही चुकीचा लावला. आम्हाला वाटलं, बाई डळमळते आहे. खरं तर तिने आधीच ठरवलेलं होतं. पोराला कुठेच पाठवायचं नव्हतं. पण हे आम्हाला पुढे कळलं. त्या दिवशी तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "सर, हितली लोकं लगीन-बिगीन, जमीन-जुमला समदं देवाला इचारत्यात म्हणं. पाकळ्या लावून. आमच्यासारख्याला इचारू देत्यात का वो?"

सर ताटावरून उठलेच. रवळनाथाचा कौल म्हणजे आमच्या गावात शेवटचा शब्द. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. देवाने 'राहा' म्हटलं की शिवा जातो कुठे! येताना स्कूटरवर सर गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवाला घालायचा प्रश्न तयार केला. प्रश्न कसला, चार पोटकलमांचा ठराव होता. देवळात गुरवाने तो ऐकून घेतला. गुरव म्हातारा, देवाच्या कायद्यात सरांपेक्षा कडक. म्हणाला, "सर, देवाक एकाच वेळार एकूच विचारप. आनी देवाची शीम न्हंयपर्यंत. म्हापशाचें, कोल्हापुराचें आमचो देव सांगचो ना." शीम म्हणजे शीव, देवाची हद्द.

"म्हापशाचें नाकाच," सर म्हणाले. "चेडो हांगा रावलो तर बरें जातलें काय, इतलेंच विचार."

"तें विचारपाक जाता. पूण चेडो शीमेंतलो आसूंक जाय." गुरवाने शिवाच्या आईकडे बघितलं. ती देवळाच्या पायरीखाली उभी होती, डोक्यावर पदर, हातात नारळ. शिवा तिच्या मागे. "हीं मनशां भायलीं. देवान तांकां आपली मानूंक जाय. पयलीं तें विचारूंया."

सर क्षणभर गोंधळले. मग त्यांना राज्यशास्त्र आठवलं असावं. "बरोबर," ते मला म्हणाले, "आधी नागरिकत्व, मग प्रवेश."

शिवाच्या आईला गुरव वर ये म्हणाला, तेव्हा ती दोनदा मागे बघत वर आली. इतकी वर्षं ती सणाला यायची ती पायरीपाशी नमस्कार करून परत जायची, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. नळावर भांडण झालं की तिला पहिला शब्द 'घाटी' ऐकायला मिळे. शिवाने शाळेत गोल केला तरी 'घाट्यान मारलो' म्हणत. हे सगळं ती रोज भाकऱ्या वाढता वाढता गिळत आली होती.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, हें लेकरूं तुज्या शीमेंत जल्मलां, तुज्या न्हंयचें उदक पिलां..."

"व्हय म्हाराजा!" देवळात होते नव्हते त्या सगळ्यांनी साथ दिली. सर सगळ्यात मोठ्याने.

"...हांकां तूं आपल्या गांवचीं म्हूण मानता जाल्यार उजवो कौल दी. मानना जाल्यार डावो दी."

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या ओल्या, काळ्या दगडावर चिकटून बसलेल्या. समई तेवढी हलत होती. शिवाची आई डोळे मिटून उभी होती. डावीकडची एक पाकळी जराशी सरकली. ती तिथेच थांबली. आणि एकदम उजवीकडची, वरून, सरळ खाली पडली.

"आपलीं!" गुरव म्हणाला आणि ती पाकळी उचलून तिच्या ओंजळीत घातली. ती मोठ्याने रडली, लाज न बाळगता. शिवा खाली बघत होता. सरांनी खिशातून रुमाल काढला, तो आधी तिला देऊ केला, मग स्वतःच वापरला. मलाही भरून आलं होतं, ते लपवायचं मला काही कारण नाही.

"आतां दुसरो प्रश्न," सर म्हणाले. "चेडो हांगा रावलो तर..."

"ऱ्हाऊ द्या, सर," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या कशें? कॉलेजाचें विचारपाचें उरलां, वहिनी!"

तिने डोळे पुसले. "मला एवढंच इचारायचं हुतं. पोरगं हितनं गेलं, तर हितलंबी ऱ्हायाचं न्हाई आन् तितलंबी हुयाचं न्हाई, ह्येचंच भ्या हुतं मला. म्हणून कुठं सोडत नव्हते. आता देवानं म्हटलंय, आपली. आता जाऊ दे त्येला म्हापशाला. परत यायला गाव हाय."

शिवाने मान वर केली. असा उजळलेला चेहरा मी त्याने गोल केल्यावरही पाहिला नव्हता.

सरांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. काहीच केलं नसतं, नुसते घरी बसून राहिले असते, तरी तो पोरगा आमच्याकडे राहणार होता. त्यांनीच हात धरून तिला देवळात आणलं, देवाकडून गाव मिळवून दिलं आणि त्या गावाच्या जोरावर तिने त्याला सोडलं. परतताना कॉलेजच्या वळणावर ते म्हणाले, "सिद्धांत चुकलो, बाबा." थोड्या वेळाने म्हणाले, "पूण बाई बरी."

शिवा म्हापशाला गेला. सरांनी त्याला स्वतःच्या हाताने दाखला काढून दिला आणि अस्नोड्याच्या पुलापर्यंत सोडायला आले, माझ्याच स्कूटरवरून, आम्ही तिघे.

त्या मोसमात म्हापशाविरुद्धचा सामना आमच्या मैदानावर होता. सरांचा तो शेवटचा मोसम. गाव लोटला होता. मैदानावर सामन्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची पद्धत होती, आणि आमचा गुरव काटेकोर. "बा देवा म्हाराजा, आमच्या चेड्यांक यश दी," असं म्हणून तो थांबला, पलीकडे निळ्या ट्रॅकसूटमध्ये उभ्या असलेल्या शिवाकडे बघितलं आणि पुढे म्हणाला, "आनी थंय एक आमचो आसा, ताकाय दी."

"व्हय म्हाराजा," म्हणायच्या जागी गावाने कुरकुर केली. आमच्या कप्तानाने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "कायदेशीर आसा." तेवढ्यापुरतं भागलं.

सामना बरोबरीत चालला होता. आमचे राज्यपाल त्या दिवशी जिवावर उदार होऊन खेळत होते. शेवटाकडे शिवाला मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळाला. तो आमच्या सचिवालयातून निघाला, तिथे कुणीही त्याला अडवलं नाही, आणि डाव्या पायाने त्याने चेंडू असा घातला की राज्यपालांना पडायलाही वेळ मिळाला नाही.

तोच आमच्या बाजूच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "घाटी!" दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने. शिवा आनंदाने उडी मारायच्या बेतात होता, तो हात खाली सोडून उभा राहिला.

आणि आमचे सर मैदानात घुसले. सामना चालू असताना रेषा ओलांडून, धोतराचा सोगा हातात धरून, चेंडूला घाबरणारे आमचे सर त्या चेंडूच्या शेजारून धावत गेले आणि गर्दीसमोर जाऊन उभे राहिले. "कोण घाटी? कोण म्हणता घाटी? देवान उजवो कौल दिला! आमचो तो! आमच्या शीमेंतलो! गोल मारलो तर आमच्यान मारलो!" रेफ्री शिट्टी फुंकत मागे धावत होता. सर त्याच्यावरही ओरडले. रेफ्रीने त्यांना मैदानाबाहेर काढलं. प्रतिस्पर्ध्याची बाजू घेतल्याबद्दल बाहेर काढले गेलेले शिक्षक आमच्या जिल्ह्यात तेवढे एकच असतील. मला त्यांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. गर्दी मात्र गप्प झाली होती. देवाचं नाव आल्यावर आमच्या गावात कुणी वाद घालत नाही.

बाहेर काजूच्या झाडाखाली शिवाची आई बसली होती. सामना बघायला ती पहिल्यांदाच आली होती आणि खेळातलं तिला काही कळत नव्हतं. सर धापा टाकत तिच्या शेजारी येऊन बसले. मीही गेलो. आतून शेवटची शिट्टी ऐकू आली, म्हापशाच्या पोरांचा जल्लोष ऐकू आला.

तिने विचारलं, "काय झालं वो, सर? आपण जिंकलो का हरलो?"

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. ज्या एका विजयासाठी त्यांनी घरोघरच्या आयांच्या हातचं खाल्लं, तो विजय समोर निळ्या जर्सीत नाचत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि हसले.

"दोनूय बाजूंनी आमीच आशिल्ले, वहिनी," ते म्हणाले. "हरतलो कोण?"